कुंड्यांचे जहाज : रॉबर्ट डॉडच्या चित्रातील ‘बाउंटी’

समुद्र, जहाजे आणि नौदलाच्या लढाया यांची चित्रे काढण्याची स्वतंत्र परंपरा इंग्लंडमध्ये रुजली ती हॉलंडहून आलेल्या चित्रकारांमुळे. विलेम व्हान दे वेल्दे हे एकाच नावाचे पिता-पुत्र १६७२-७३ च्या सुमारास लंडनला येऊन स्थायिक झाले, त्यांना राजाश्रय मिळाला, आणि पुढील सुमारे दीडशे वर्षे इंग्रज सागरी चित्रकार त्यांनी घालून दिलेल्या वाटेवर चालत राहिले. या कलेचे गिऱ्हाईक मुख्यतः नौदल अधिकारी आणि जहाजमालक होते. त्यांचे आयुष्य जहाजावर गेलेले असल्यामुळे एखादा दोर चुकीच्या जागी दाखवला किंवा वाऱ्याची दिशा एक आणि शिडांचा फुगवटा दुसराच निघाला, तर चित्र नापसंत होण्यास तेवढे पुरत असे. त्यामुळे सागरी चित्रात कल्पनेला वाव कमी आणि जहाजाच्या बांधणीच्या ज्ञानाला मान अधिक, असा काहीसा व्यवहारी दंडक या क्षेत्रात पडला.

या चित्रांमध्ये तरुण अधिकाऱ्याच्या हाती प्रथमच आलेल्या लहान जहाजाचे चित्र हा एक लोकप्रिय विषय होता, कारण लहान जहाजावरचा पराक्रम ही मोठ्या हुद्द्याची पहिली पायरी मानली जाई. थॉमस कॉक्रेन याने ६ मे १८०१ रोजी बार्सिलोनाजवळ ‘स्पीडी’ या अवघ्या १५८ टनी, चौदा हलक्या तोफांच्या जहाजाच्या बळावर ‘गामो’ हे बत्तीस तोफांचे स्पॅनिश जहाज जिंकले. हा प्रसंग क्लार्कसन स्टॅनफील्ड याने पुढे रंगवला, आणि अशा चित्रांचा नमुना म्हणून त्याच्याकडे बोट दाखवता येते. लहान जहाज, मोठा शत्रू आणि निर्विवाद विजय या तीन गोष्टी जमल्या की चित्राला मागणी येई, आणि त्यात रंगवलेल्या अधिकाऱ्याच्या कीर्तीलाही हातभार लागे.

रॉबर्ट डॉड (१७४८-१८१५) या लंडनच्या सागरी चित्रकाराने २ ऑक्टोबर १७९० रोजी प्रसिद्ध केलेले चित्र याच जातकुळीचे असले, तरी त्यातील प्रसंग नेमका उलटा आहे. यात अधिकारी जहाज जिंकत नाही, ते गमावतो. लेफ्टनंट विल्यम ब्लाय आणि त्याच्याशी एकनिष्ठ राहिलेले लोक यांना बंडखोरांनी ‘बाउंटी’ जहाजावरून एका उघड्या होडीत उतरवून समुद्रावर सोडून दिले, तो २८ एप्रिल १७८९ च्या सकाळचा क्षण डॉडने निवडला आहे. हे चित्र ‘ॲक्वाटिंट’ या पद्धतीने छापलेले आहे. या पद्धतीत तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरून ती तापवून चिकटवतात आणि मग पत्रा आम्लात बुडवतात. राळेच्या कणांमधील उघड्या जागा आम्ल खाते, आणि त्यामुळे केवळ रेषा न उमटता जलरंगासारख्या फिकट-गडद छटा छापता येतात. समुद्र, आकाश आणि धूसर क्षितिज दाखवण्यास ही पद्धत विशेष सोयीची असल्याने सागरी चित्रकारांनी ती उचलून धरली. छापलेल्या प्रतींवर नंतर हाताने रंग चढवले जात. ‘बाउंटी’च्या या चित्राच्या प्रती ग्रीनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयासह अनेक संग्रहांत जपलेल्या आहेत.

चित्रात जहाजाची पिछाडी प्रेक्षकाकडे आहे. वर काठड्याशी बंडखोरांची गर्दी आहे आणि खाली पाण्यात माणसांनी भरलेली होडी आहे. त्या होडीत अंगात केवळ सदरा असलेला, उघड्या पायांचा ब्लाय उभा आहे. पाहणाऱ्याची नजर आधी त्याच्याकडे जाते आणि मग काठड्यावरील माणसांमध्ये बंडाचा म्होरक्या फ्लेचर ख्रिश्चन कोणता हे शोधू लागते. जुलमी कप्तान आणि पेटून उठलेला तरुण सहकारी, किंवा याच्या उलट कर्तव्यदक्ष कप्तान आणि कृतघ्न सहकारी, अशा दोनच साच्यांत ही कथा गेली सव्वादोनशे वर्षे सांगितली गेली आहे. १९३५, १९६२ आणि १९८४ मधील चित्रपटांनीही या दोन माणसांच्या चेहऱ्यांवरच भर दिला. परंतु डॉडच्या चित्रातील सर्वांत बोलका तपशील माणसांचा नाही. जहाजाच्या पिछाडीवर, काठड्याला लागून, रोपांची एक रांग आहे. युद्धनौकेच्या चित्रात जिथे कंदील, निशाण किंवा अधिकारी दिसायचे तिथे झाडांच्या कुंड्या दिसतात. बंड का झाले या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या कुंड्यांत आहे.

ती रोपे ‘ब्रेडफ्रूट’ची, म्हणजे कोकणात आणि गोव्यात निरफणस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडाची आहेत. ज्याचे काप तिखट-मीठ लावून तव्यावर परतले जातात ते हेच फळ असून, वनस्पतिशास्त्रदृष्ट्या ते फणसाच्याच प्रजातीतील आहे. प्रशांत महासागरातील बेटांवर ते रोजचे मुख्य अन्न होते. कॅप्टन कुकच्या पहिल्या सफरीत ताहितीला जाऊन आलेला श्रीमंत आणि वजनदार वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याला ते ठाऊक होते. वेस्ट इंडीजमधील उसाच्या मळ्यांचे इंग्रज मालक गुलामांसाठी स्वस्त अन्नाच्या शोधात होते, आणि एकदा लावले की वर्षानुवर्षे फळणारे झाड त्यांना हवेच होते. ‘बाउंटी’ची सफर ही अशा रीतीने गुलामगिरीच्या हिशेबातून निघाली होती, ही गोष्ट बंडाच्या रम्य कथेत सहसा बाजूला पडते. पुढची अडचण मात्र शुद्ध वनस्पतिशास्त्रीय होती. ताहितीतील उत्तम जातींच्या फळांत बी धरत नाही, त्यांची वाढ मुळांपासून फुटणाऱ्या धुमाऱ्यांनी करावी लागते. बियांची पिशवी एखाद्या अधिकाऱ्याच्या पेटीतही मावली असती, पण जिवंत रोपे अर्ध्या जगाचा समुद्र ओलांडून न्यायची म्हणजे कुंड्या, ऊन, वारा, रोजचे गोडे पाणी आणि खाऱ्या तुषारांपासून संरक्षण हे सर्व जहाजावर पुरवणे भाग होते.

त्यासाठी निवडलेले जहाज लहान होते. ‘बेथिया’ नावाचे, हल येथे बांधलेले हे व्यापारी जहाज नौदलाने मे १७८७ मध्ये १९५० पौंडांना विकत घेतले आणि त्याचे नाव ‘बाउंटी’ ठेवले. त्याची लांबी सुमारे ९१ फूट, रुंदी २४ फुटांच्या थोडी वर आणि भार सुमारे २१५ टन होता. कुकचे ‘एंडेव्हर’ ३६८ टनांचे होते, त्यावरून फरक लक्षात यावा. ब्रिटिश नौदलात जहाजाचा आकार आणि तोफा यांवरून त्याचा दर्जा ठरे, आणि दर्जावरून त्यावर कोणत्या हुद्द्याचा अधिकारी व किती माणसे द्यायची ते ठरे. चार छोट्या तोफा आणि दहा फिरत्या बंदुकवजा तोफा असलेल्या ‘बाउंटी’च्या वाट्याला या हिशेबाने केवळ एक लेफ्टनंट आला. ब्लायने बढतीसाठी केलेल्या विनंत्यांना ॲडमिरल्टीने, म्हणजे नौदलाच्या सर्वोच्च कार्यालयाने, दाद दिली नाही. ब्लाय तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. कुकच्या तिसऱ्या सफरीत ‘रिझोल्युशन’चा मार्गदर्शक अधिकारी म्हणून त्याने काम केले होते, आणि नंतर पत्नीच्या मामाच्या व्यापारी जहाजांवर कप्तान म्हणून त्याला वर्षाला सुमारे ५०० पौंड मिळत असत. ‘बाउंटी’वर त्याचा पगार जेमतेम ७० पौंड झाला. जहाजाचा प्रमुख या नात्याने लोक त्याला कॅप्टन म्हणत, पण कागदावर तो लेफ्टनंटच होता.

केवळ हुद्द्याला दोष देऊन मात्र भागत नाही, कारण १७६८ मध्ये निघालेला कुक हाही ‘एंडेव्हर’वर लेफ्टनंटच होता. फरक असा की कुकच्या हाताखाली आणखी दोन लेफ्टनंट आणि मरीन सैनिकांची तुकडी होती. मरीन म्हणजे जहाजावर नेमलेले बंदूकधारी शिपाई. त्यांचे खलाशांशी फारसे सख्य नसे, आणि तसे ते नसावे हीच अपेक्षा असे. अधिकाऱ्यांचे खण आणि खलाशांची झोपायची जागा यांच्यामध्ये त्यांचा मुक्काम असे, म्हणजे हुकूम देणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये रात्रंदिवस एक सशस्त्र भिंत उभी असे. ‘बाउंटी’वर दोन वनस्पतितज्ज्ञांसह ४६ माणसे कशीबशी मावली. त्यांत एकही मरीन नव्हता, आणि राजाची सनद असलेला अधिकारी एकटा ब्लाय होता. बाकीच्यांपैकी फ्लेचर ख्रिश्चनला त्यानेच वाटेत हंगामी लेफ्टनंट केले होते. ज्याला बढती दिली त्यानेच पुढे जहाज घेतले, हा योगायोग नाट्यपूर्ण खरा, पण त्या पदावर नेमायला दुसरा लेफ्टनंटच जहाजावर नव्हता ही त्यामागची साधी वस्तुस्थिती आहे.

खरा घाव बसला तो कप्तानाच्या दालनावर. त्या काळच्या कोणत्याही जहाजात पिछाडीचे मोठे, खिडक्यांचे दालन कप्तानाचे असे. तेथे तो एकटा जेवे, नकाशे पसरून बसे, अधिकाऱ्यांना बोलावून खाजगीत फैलावर घेई. सत्तेला लागणारे अंतर ते दालन पुरवत असे. ‘बाउंटी’त ते दालन बँक्सच्या आखणीनुसार रोपांना देण्यात आले. त्याच्या जमिनीवर शिशाचा पत्रा मारला, म्हणजे कुंड्यांतून झिरपलेले पाणी कोपऱ्यांतील नळ्यांनी खालच्या पिंपांत जमा होऊन पुन्हा वापरता येईल. त्यावर भोके पाडलेली दुसरी फळ्यांची जमीन बसवून प्रत्येक भोकात एक कुंडी बसेल अशी योजना केली, आणि हवा व उजेड यांसाठी छताला व बाजूंना झडपा काढल्या. ६२९ कुंड्यांची सोय त्यात झाली. जहाजावरील माणसांनी उत्तम जागा झाडांना सोडून द्यावी लागणे हे गाऱ्हाणे मानू नये, अशा आशयाची सूचना बँक्सने आधीच लिहून ठेवली होती. गाऱ्हाणे होणार हे त्याला कळत होते, इतकाच त्याचा अर्थ. ब्लायच्या वाट्याला सुमारे आठ फूट लांब आणि सात फूट रुंद अशी झोपायची खोली आली. जवळच जेवणासाठी आणखी थोडी जागा होती आणि बाकीचे अधिकारी हाकेच्या अंतरावर होते. गिरगावातल्या चाळीत एका बिऱ्हाडातले भांडण दुसऱ्यात ऐकू जावे तसा प्रकार तेथे होता. फरक एवढाच की या चाळीला दरवाजा नव्हता आणि घरमालकाला कोणालाही फटके मारण्याचा कायदेशीर अधिकार होता.

तो अधिकार ब्लायने फारसा वापरला नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. जहाजांच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की प्रशांत महासागरातील त्या काळच्या सफरींशी तुलना करता ‘बाउंटी’वरील फटक्यांचे प्रमाण कमी होते. ब्लायची जीभ मात्र तिखट होती, आणि दालन नसल्यामुळे तिचे वार सर्वांसमक्ष होत. अधिकाऱ्याची चारचौघांत झालेली शोभा ही फटक्यांपेक्षा खोल जाते, कारण खलाशी तिची दिवसभर चर्चा करतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच अधिकाऱ्याचा हुकूम त्यांना पाळायचा असतो.

प्रत्यक्ष सफरीचा वृत्तान्त थोडक्यात सांगता येईल. २३ डिसेंबर १७८७ रोजी, ठरल्यापेक्षा उशिरा, जहाज निघाले. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालण्याचा सुमारे महिनाभराचा प्रयत्न वादळांपुढे फसला, म्हणून ते उलट फिरून आफ्रिकेच्या मार्गाने गेले आणि २६ ऑक्टोबर १७८८ रोजी ताहितीला पोहोचले. रोपे मुळे धरून प्रवासाला टिकतील अशी होईपर्यंत तेथे पाच महिन्यांहून अधिक मुक्काम करावा लागला. म्हणजे खलाशांना जमिनीची, मोकळ्या आयुष्याची आणि तेथील स्त्रियांच्या सहवासाची सवय लावणारा हा मुक्कामही पुन्हा रोपांसाठीच होता. एप्रिल १७८९ च्या आरंभी जहाज परत निघाले तेव्हा त्यावर १०१५ रोपे होती, आणि ती ७७४ कुंड्या, ३९ पिंपे व २४ पेट्या यांत भरलेली होती. दालनाची सोय ६२९ कुंड्यांची होती, हे लक्षात घेतले की डॉडच्या चित्रात रोपे बाहेर पिछाडीवर का आली आहेत ते उमगते. आधीच अपुऱ्या असलेल्या डेकवरही आता झाडांचा हक्क सुरू झाला होता.

बंडाच्या आदल्या दिवशीचे भांडण नारळांवरून झाले. ब्लायने विकत घेतलेल्या नारळांचा ढीग जागेअभावी डेकवर तोफांच्या मधल्या जागेत रचलेला होता. त्यांतले काही नाहीसे झाल्याचा त्याला संशय आला, आणि त्याने एकेका अधिकाऱ्याला सर्वांदेखत बोलावून झडती घेतली. त्यात ख्रिश्चनलाही चोर ठरवले गेले. कोठारात कुलूपबंद राहू शकणारे नारळ उघड्यावर असणे आणि बंद दाराआड होऊ शकणारी झडती उघड्यावर होणे, या दोन्हींचे मूळ एकच आहे. ब्लायने आपल्या छापील वृत्तान्तात या भांडणाचा उल्लेख केला नाही. तो इतरांच्या लेखनातून कळतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे, टोंगा बेटांतील तोफुआजवळ, ख्रिश्चन आणि काही सशस्त्र माणसांनी ब्लायला झोपेतून उठवून, हात बांधून, सदऱ्यावरच डेकवर आणले. डॉडच्या चित्रातील उघड्या पायांचा ब्लाय या वर्णनातून आला आहे. डॉड अर्थातच तेथे नव्हता. ब्लाय १७९० च्या मार्चमध्ये इंग्लंडला परतला, त्याचा वृत्तान्त त्याच वर्षी पुस्तकरूपाने निघाला आणि त्यात होडीचा आराखडाही छापलेला होता. चित्रकाराने हाताशी असलेल्या माहितीवरून, आणि जहाजांच्या आपल्या व्यावसायिक ज्ञानावरून, हा प्रसंग उभा केला. चित्रातील होडी खचाखच भरलेली दिसते, आणि या बाबतीत त्याने अतिशयोक्ती केलेली नाही. २३ फूट लांब आणि पावणेसात फूट रुंद अशा त्या होडीत ब्लायसह १९ माणसे होती, आणि तिचा काठ पाण्याच्या वर जेमतेम वीतभर राहिला होता. सोबत १५० पौंड पाव, ३२ पौंड डुकराचे मांस, २८ गॅलन पाणी आणि थोडे मद्य होते. जहाजाच्या मागे दोराने बांधलेल्या होडीत शेवटी वरून चार तलवारी टाकण्यात आल्या, बंदुका मागूनही मिळाल्या नाहीत. जहाजावर २५ माणसे राहिली. त्यांतील काही जण ब्लायच्या बाजूचे होते, पण होडीत जागा नसल्यामुळे किंवा कारागीर म्हणून हवे असल्यामुळे त्यांना ठेवून घेतले गेले. जहाजावर ज्या गोष्टीची टंचाई होती तिचीच टंचाई होडीत पराकोटीला गेली, आणि जागा नाही या कारणाने मागे राहिलेल्यांना पुढे बंडखोर म्हणून खटल्याला तोंड द्यावे लागले.

होडीतील प्रवासाला येथे अधिक जागा देता येणार नाही, तरी एक तपशील सांगण्याजोगा आहे. रोजचा पाव समान वाटण्यासाठी ब्लायने नारळाच्या दोन करवंट्यांचा तराजू केला आणि वजन म्हणून पिस्तुलाची गोळी वापरली. अशा २५ गोळ्यांचा एक पौंड होई, म्हणजे एका वेळचा एका माणसाचा वाटा पौंडाचा पंचविसावा भाग एवढाच होता. तोफुआवर एक जण मारला गेला. उरलेले अठरा जण, ब्लायच्या हिशेबाने ३६१८ सागरी मैलांचा प्रवास करून, १४ जून १७८९ रोजी तिमोर बेटावरील कुपांग या डच ठाण्यात जिवंत पोहोचले. ज्या माणसाला २१५ टनांच्या जहाजावर माणसे सांभाळता आली नाहीत त्याने २३ फुटांच्या होडीत ती सांभाळली, याचे कारण त्याच्या नौकानयनाच्या असामान्य कौशल्यात आहे, आणि काही अंशी होडीत अंतर राखण्याचा प्रश्नच उरला नव्हता यातही आहे.

डॉडचे चित्र प्रसिद्ध झाले त्याच महिन्यात, २२ ऑक्टोबर १७९० रोजी, जहाज गमावल्याबद्दल ब्लायची लष्करी न्यायालयापुढे चौकशी झाली, तो निर्दोष ठरला आणि त्याला लागोपाठ बढत्या मिळाल्या. चित्रातला सदऱ्यातील कप्तान लोकांच्या सहानुभूतीचा विषय होता, खलनायक नव्हे. ती प्रतिमा पालटली ती पुढच्या काही वर्षांत, पकडून आणलेल्या बंडखोरांवरील १७९२ चा खटला आणि ख्रिश्चनच्या भावाने केलेला प्रचार यांमुळे. चित्र छापले जात असताना लंडनमध्ये कोणालाही माहीत नसलेली गोष्ट अशी की खुद्द ‘बाउंटी’ तेव्हा अस्तित्वातच नव्हते. बंडखोरांनी २३ जानेवारी १७९० रोजी पिटकेर्न बेटावर ते जाळून टाकले होते.

प्रसंगाचा पुरावा म्हणून डॉडचे हे चित्र दुय्यम ठरते, कारण त्यातील माणसांची मांडणी ऐकीव आहे. जहाजाचा पुरावा म्हणून मात्र ते नंतरच्या बहुतेक चित्रांपेक्षा आणि सर्व चित्रपटांपेक्षा सरस आहे, कारण सागरी चित्रकाराच्या शिस्तीने त्याने पिछाडीवर जे होते ते दाखवले. ॲडमिरल्टीनेही बोध घेतला, असे तिच्या पुढील कृतीवरून म्हणता येते. ऑगस्ट १७९१ मध्ये ब्लाय पुन्हा निरफणसाची रोपे आणण्यास निघाला तेव्हा तो पूर्ण हुद्द्याचा कॅप्टन होता, ‘प्रॉव्हिडन्स’ हे त्याचे जहाज पहिल्यापेक्षा बरेच मोठे होते, हाताखाली लेफ्टनंट आणि मरीन होते, शिवाय सोबतीला ‘असिस्टंट’ नावाचे दुसरे जहाज होते. १७९३ च्या आरंभी रोपे सेंट व्हिन्सेंट आणि जमैका येथे सुखरूप उतरली, पण ज्यांच्यासाठी आणली त्या गुलामांना ते फळ सुरुवातीला मुळीच रुचले नाही. त्या सफरीत बंड झाले नाही. तिची जलरंगातील चित्रे ‘प्रॉव्हिडन्स’वरील लेफ्टनंट जॉर्ज टोबिन याने स्वतः पाहून काढली. ती सिडनीच्या ग्रंथालयात आहेत, आणि डॉडच्या चित्राच्या तुलनेत ती फार थोड्यांनी पाहिली आहेत.